हाकेला ओ

शिक्षणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत डॉ. इतार यांच्या वाट्याला बहुधा एकच परिच्छेद येतो. रानात सापडलेला एक मुलगा, त्याला माणसांत आणण्यासाठी झटलेला एक तरुण डॉक्टर आणि अखेर पदरी आलेले अपयश, एवढे सांगून पुस्तक मॉन्टेसरीबाईंकडे वळते. विद्यार्थीही परीक्षेपुरते नाव पाठ करतात आणि विसरतात. मला मात्र हा माणूस त्या एका परिच्छेदात मावत नाही असे फार दिवस वाटत आले आहे. त्याचे अपयश ज्या प्रश्नाशी झाले, तो प्रश्न आजही आपल्या घरांतून उभा आहे. मूल ऐकते, पण बोलत नाही. अशा मुलाचे काय करायचे?

या महाविद्यालयातून बाहेर पडल्यानंतर शिक्षकी पेशाने मला वाघोडियास आणले. वडोदऱ्याच्या पूर्वेस सुमारे २० किलोमीटरवरचे हे तालुक्याचे गाव. एके काळी गायकवाडी मुलूख. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण संस्थानभर लागू केले, त्यात हाही भाग होता. आता गावालगत औद्योगिक वसाहत आहे आणि कामानिमित्त आलेल्या कुटुंबांच्या नाना भाषा कानी पडतात. आपल्याकडे जसे घरात मराठी आणि अंगणात कन्नड, तसे इथल्या मराठी घरांत आत मराठी आणि बाहेर गुजराती. होऊ घातलेल्या शिक्षिकांना मी बालविकास शिकवते. दर वर्षी वर्गातली एखादी मुलगी तास संपल्यावर थांबते आणि हळूच विचारते, की आमच्या भावाचा मुलगा तीन वर्षांचा झाला तरी एक शब्द बोलत नाही, त्याचे काय करावे? घरातली वडील मंडळी म्हणतात, त्याचा बापही उशिराच बोलला होता. शेजारी म्हणतात, घरात दोन भाषा, म्हणून मूल गोंधळले. या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी पुन्हा पुन्हा डॉ. इतार यांच्याकडे गेले. त्यांचे चरित्र इथे सांगते ते त्यासाठी.

ज्याँ मार्क गास्पार इतार यांचा जन्म १७७४ साली दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांतात, ओरेझों या गावी झाला. शिक्षण धर्मगुरू असलेल्या काकांच्या देखरेखीखाली झाले. मुलाने व्यापारउदिमात शिरावे ही वडिलांची इच्छा होती. परंतु फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत सैन्यभरतीचे संकट समोर उभे राहिले आणि ते टाळण्यासाठी हा तरुण लष्करी रुग्णालयात साहाय्यक म्हणून शिरला. वैद्यकाचे ज्ञान तेव्हा शून्य होते. ते त्याने तिथेच, जखमी सैनिकांच्या उशाशी बसून मिळवले. पुढे नेपोलियनचा शस्त्रवैद्य म्हणून नावारूपास आलेल्या लारे याची नजर या होतकरू मुलावर गेली आणि त्याच्या पाठोपाठ इतार पॅरिसला, वाल-द-ग्रास या लष्करी रुग्णालयात आले. त्याच रस्त्यावर मूकबधिरांची राष्ट्रीय संस्था होती. १८०० सालच्या अखेरीस इतार त्या संस्थेचे वैद्य झाले. वय अवघे सव्वीस. पुढची अडतीस वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, त्यांनी ती संस्था सोडली नाही. लग्न केले नाही. संस्था हेच घर.

त्याच वर्षाच्या जानेवारीत दक्षिणेकडील आव्हेरों भागात, सें-सेर्नें या गावाजवळ, एक मुलगा रानातून बाहेर आला होता. वय अंदाजे अकरा-बारा. अंगावर एका फाटक्या सदऱ्यावाचून काही नाही, गळ्यावर जुन्या जखमेची खूण, तोंडात शब्द नाही. त्यापूर्वीही तो दोनदा पकडला गेला होता आणि निसटला होता. कोणी सोडला, का सोडला, हे कधीच कळले नाही. उन्हाळ्यात त्याला पॅरिसला आणले तेव्हा बघ्यांची झुंबड उडाली. समाजाने न बिघडवलेला निसर्गपुत्र पाहायला मिळेल अशी सुशिक्षितांची कल्पना होती. दिसला तो मागेपुढे झुलणारा, चावणारा, ओरबाडणारा, कोणाकडेही न बघणारा मुलगा. आठ-पंधरा दिवसांत पॅरिसचे कुतूहल विरले.

वेड्यांच्या बेड्या तोडणारा म्हणून ज्याचे नाव इतिहासात आहे, त्या पिनेल या थोर वैद्याने मुलाला तपासून निर्वाळा दिला की हा जन्मतः मतिमंद आहे आणि याच्यात सुधारणा होण्याची आशा नाही. इतार हे पिनेलना गुरुस्थानी मानणारे. तरीही त्यांना हे मान्य झाले नाही. मुलगा असा आहे कारण तो माणसांविना वाढला, असे त्यांचे म्हणणे. ज्याला कोणी शिकवलेच नाही, त्याला शिकता येत नाही असे कसे म्हणावे? त्यांनी मुलाची जबाबदारी मागून घेतली. रोजच्या देखभालीसाठी मादाम गेरें नावाची एक प्रौढ बाई नेमली गेली. सरकार तिला वर्षाला दीडशे फ्रँक देत असे. या बाईचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

इतारांची निरीक्षणे वाचताना त्यांच्या चिकाटीपुढे मान लवते. मुलगा बहिरा आहे असे अनेकांना वाटले होते, कारण त्याच्यामागे पिस्तुलाचा बार काढला तरी तो दचकत नसे. पण कोणी हळूच अक्रोड फोडला, की त्या आवाजाने तो चटकन वळे. म्हणजे कान शाबूत होते. कोणत्या आवाजाकडे लक्ष द्यायचे, ही निवड मात्र त्याची स्वतःची होती. आज ज्यांच्या घरी स्वमग्न मूल आहे, त्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. नावाने दहा हाका मारल्या तरी न वळणारे मूल दुसऱ्या खोलीत बिस्किटाच्या पुड्याचा कागद वाजला की धावत येते. त्याला बहिरेही म्हणता येत नाही आणि हट्टीही.

एके दिवशी स्वयंपाकघरात दोन माणसांचे बोलणे चालले होते. त्यांतला एक जण वारंवार ‘ओ’ असा उद्गार काढी आणि दर वेळी मुलाची मान तिकडे वळे. इतारांनी हे टिपले आणि तो स्वर शेवटी येईल असे नाव त्याला दिले: व्हिक्तोर. आपल्या भाषेत हाकेला ओ देणे असा प्रयोग आहे. हा मुलगा ओ देत नव्हता, पण ‘ओ’ या आवाजाला मात्र वळत होता. या योगायोगाचे मला नेहमी नवल वाटते.

आता बोलण्याचा पाठ सुरू झाला. फ्रेंच भाषेत पाण्याला ‘ओ’ असेच म्हणतात. मुलाला तहान लागली की इतार पाण्याचा पेला त्याच्यासमोर धरीत, ‘ओ, ओ’ म्हणत आणि त्याने म्हणावे म्हणून वाट पाहत. मुलगा तळमळे, हात पसरे, सुस्कारे टाकी. शब्द मात्र येत नसे. पुढे फार छळणे क्रूरपणाचे होईल म्हणून इतारांनी शब्द बदलला. दुधाला फ्रेंचमध्ये ‘ले’ म्हणतात. चौथ्या दिवशी मुलाने ‘ले’ असा स्पष्ट उच्चार केला! इतारांना केवढा हर्ष झाला असेल! पण सूक्ष्म निरीक्षकाला लगेच खोट दिसली. मुलगा ‘ले’ म्हणे तो दूध पेल्यात पडल्यावर, आनंदाच्या भरात. दूध मागण्यासाठी तो शब्द वापरीत नसे. मागण्यावाचून उच्चारलेला शब्द हा इतारांच्या लेखी शब्दच नव्हता. त्यांनी तो पाठही सोडला.

दुसरीकडे मादाम गेरेंच्या सहवासात काय घडत होते पाहा. ती उठता-बसता देवाचे नाव घेई. मुलगाही आनंद झाला की तसाच उद्गार काढू लागला. तिची ज्युली नावाची मुलगी रविवारी भेटीस येई. मुलगा त्या नावातला ‘ली’ हा अंश स्वतःशी म्हणू लागला, रात्री झोपेतून जागा झाला तरीही. त्याच्या तोंडून आलेले हे मोजके आवाज. त्यांतला एक पाठात आला, पण चुकीच्या वेळी. उरलेले स्वयंपाकघरात आणि अंथरुणावर, कोणी मागितले नसताना आले.

हाताने मात्र तो सतत बोलत होता. भेटीस आलेला पाहुणा कंटाळवाणा वाटला की त्याची टोपी, काठी आणि हातमोजे त्याच्या हाती आणून देई. हातगाडीत बसून फिरायचे असले की कोणाला तरी हाताला धरून नेई, त्याचे हात गाडीच्या दांड्यांवर ठेवी आणि स्वतः आत जाऊन बसे. याहून स्पष्ट वाक्य कोणते असते? इतारांनी हे सर्व टिपून ठेवले आहे, कौतुकानेही टिपले आहे. परंतु त्यांना हवी होती ती जिभेची भाषा. हाताची भाषा ही त्यांच्या मते खालची पायरी. आणि हे घडत होते कुठे? मूकबधिरांच्या संस्थेत, जिथे सिकार यांच्यासारखे गुरुजी खुणांच्या भाषेने शिकवीत होते, जिथे ज्याँ मासिय हा स्वतः बहिरा असलेला माणूस शिक्षक होता. सारे आवार हाताने बोलत होते. त्या आवारात पाच वर्षे शिकलेल्या मुलाला मात्र खुणांची भाषा कोणी शिकवली नाही.

तरी एक प्रसंग असा आहे की तो वाचताना माझा श्वास थांबतो. बोलणे साधेना म्हणून इतारांनी अक्षरे हाती घेतली. दूध या अर्थाच्या फ्रेंच शब्दातली चार धातूची अक्षरे क्रमाने लावायची आणि मग दूध मिळायचे, असा पाठ दिला. आठवड्याभराने मुलगा संध्याकाळी इतारांबरोबर वेधशाळेकडे फिरायला निघाला. तिथल्या एका गृहस्थांच्या घरी त्याला रोज पेलाभर दूध मिळत असे. निघताना कोणी न सांगता त्याने ती चार अक्षरे खिशात टाकली होती. घरी पोहोचताच त्याने ती टेबलावर क्रमाने मांडली. त्याला बोलायचे होते. जीभ साथ देत नव्हती, म्हणून त्याने आपला शब्द खिशातून नेला.

१८०१ साली इतारांनी पहिला वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि त्यांची कीर्ती युरोपभर झाली. पुढची पाच वर्षे मात्र संथ आणि कष्टाची होती. पुस्तक, चाकू, किल्ली ही नावे मुलगा लिहिलेली ओळखू लागला. पण पुस्तक म्हणजे त्याच्या खोलीतले तेच एक पुस्तक. दुसरे समोर ठेवले तरी तो ते घेईना. ही अडचण ओलांडली तर दुसरेच टोक आले, आकाराने किंवा उपयोगाने जरा सारख्या दिसणाऱ्या वस्तूंना तो एकच नाव देऊ लागला. त्यातूनही वाट काढली. तोंडाच्या, ओठांच्या हालचालींचे अनुकरण वर्षाहून अधिक काळ घेतले. हाती दोन-चार अस्पष्ट आवाजांपलीकडे काही लागले नाही. मधूनच मुलाला झटके येत. एकदा तर इतारांनी त्याला भेवडवण्यासाठी उंच मजल्याच्या खिडकीबाहेर धरले होते. आज कोणताही शिक्षक असे करील तर त्याला आपण घरी बसवू आणि ते योग्यच ठरेल. चरित्रनायकाच्या गुणांबरोबर हेही सांगितले पाहिजे.

१८०६ साली दुसरा वृत्तान्त सरकारला सादर झाला. त्यात यशापयशाचा हिशेब प्रांजळपणे मांडलेला आहे. एक नोंद मनाला चटका लावते. मादाम गेरेंचे पती वारले. जेवणाची ताटे मांडणे हे मुलाचे काम. त्याने सवयीप्रमाणे त्यांच्या जागी ताट मांडले. ते पाहून बाईंना रडू कोसळले. मुलाने ते ताट उचलून ठेवले आणि पुन्हा कधीही मांडले नाही. ज्याच्यात माया उपजणार नाही असे म्हटले गेले, त्या मुलाची ही गोष्ट. बोलणे मात्र आले नाही. इतारांनी पाठ थांबवले. व्हिक्तोर मादाम गेरेंबरोबरच राहिला, १८११ पासून संस्थेजवळच्या एका घरात. आणि १८२८ साली, चाळिशीच्या आसपास, वारला.

इतारांचे आयुष्य यानंतरही मोठे होते. संस्थेतल्या बहिऱ्या मुलांवर त्यांनी विजेचे झटके, जळवा, डागण्या, कानाचा पडदा टोचणे असे नाना उपाय केले. मुलांना यातना झाल्या, गुण आला नाही. शेवटी त्यांनीच मान्य केले की या कानांवर वैद्यकाचा इलाज चालत नाही. १८२१ साली कानाच्या रोगांवरचा त्यांचा ग्रंथ आला आणि त्या शास्त्राचा तो पाया मानला जातो. खुणांच्या भाषेविषयीही त्यांचे मत वर्षे लोटली तसे बदलले. बहिऱ्या मुलाच्या शिक्षणात तिचे स्थान त्यांनी स्वीकारले. आणि १८२८ साली, व्हिक्तोर वारला त्याच वर्षी, त्यांनी एक निबंध लिहिला: काही मुले मुकी असतात ती कान नसल्यामुळे नव्हे, तर मनोव्यापारातील दोषामुळे. संस्थेत बहिरी म्हणून आणलेल्या मुलांत अशी मुले त्यांना दिसली होती. स्वमग्नता हा शब्द वैद्यकात रूढ होण्यास अजून शंभराहून अधिक वर्षे होती; लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन केले ते १९४३ साली. व्हिक्तोर स्वमग्न होता काय, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. उटा फ्रिथ यांचे मत होय असे, हार्लन लेन यांचे नाही असे. निवाडा आता होणार नाही. पण न बोलण्याची कारणे निरनिराळी असतात हे इतारांनी पाहिले होते, ही गोष्ट निर्विवाद.

१८३८ साली ते पॅरिसनजीक वारले. त्याच्या आदल्या वर्षीच सेगें नावाचा तरुण त्यांच्या मार्गदर्शनाखाली एका मंदबुद्धी मुलाला शिकवू लागला होता. सेगेंनी ती पद्धत वाढवली आणि अमेरिकेस नेली. पुढे रोममध्ये मारिया मॉन्टेसरींनी इतार व सेगें यांची पुस्तके स्वहस्ते उतरवून काढली, आधी मंदबुद्धी मुलांवर ती पद्धत वापरली आणि १९०७ साली आपले पहिले बालगृह उघडले. तो प्रवाह आपल्याकडे आला तो गुजरातमार्गे. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले. १९२३ मध्ये आपल्या ताराबाई मोडक तिथे जाऊन मिळाल्या आणि पुढे त्यांनी ती गंगा बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेली. आपल्या बालवाड्यांतले लाकडी ठोकळे आणि खरकागदाची अक्षरे यांच्यामागे रानातून आलेला तो मुलगा उभा आहे, हे किती जणांना ठाऊक असते?

आता माझ्या विद्यार्थिनींच्या प्रश्नाकडे येते. दोनशे वर्षांनंतर आपल्याला काय अधिक कळले? पहिली गोष्ट ही, की वाट पाहत बसू नये. वर्षाचे मूल बोबडे आवाज काढत नसेल, बोट दाखवत नसेल. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल. दोन वर्षांपर्यंत स्वतःचे दोन शब्द जोडत नसेल. किंवा आलेले शब्द कोणत्याही वयात गेले असतील, तर दाखवलेच पाहिजे. आधी कान तपासायचे, अक्रोडाच्या आवाजाला वळले म्हणून निश्चिंत राहायचे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याच्या ठिकाणी अशा मुलांसाठी केंद्रे उघडण्यात आली. मुंबईला अली यावर जंग संस्था आहे आणि आपल्या कन्नड विभागाच्या मित्रांना म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था माहीत असेलच. ती १९६५ पासून हेच काम करते.

दुसरी गोष्ट: घरची भाषा सोडू नये. दोन भाषांमुळे स्वमग्नता येत नाही, की बोलणे खुंटत नाही. आईला जी भाषा मनापासून येते, तीच मुलाशी बोलावी.

तिसरी गोष्ट इतारांच्या अपयशातूनच मिळते. शब्दाच्या आधी हात येतो. बोट दाखवणे, ओढून नेणे, वस्तू आणून देणे, डोळ्यांनी विचारणे, हे सारे बोलणेच आहे. मूल पाण्याकडे हात करते तेव्हा पेला अडवून शब्दाची खंडणी मागू नये. क्षणभर थांबावे, त्याच्याकडे बघावे, त्याच्या हाताने जे मागितले त्याला पाणी असे नाव द्यावे आणि पाणी द्यावे. खुणा किंवा चित्रे दिली तर मूल आळशी होईल आणि बोलणार नाही, ही भीती घरोघर आहे. अभ्यास सांगतो की तसे होत नाही. उलट काही मुलांना त्यातूनच बोलण्याची वाट सापडते. ज्यांना कधीच सापडत नाही, त्यांच्या हाती निदान खिशातली चार अक्षरे तरी राहतात.

इतारांना मी थोर मानते. पिनेलसारख्या अधिकारी पुरुषाने आशा नाही म्हटल्यावरही ते एका अनाथ मुलाजवळ पाच वर्षे बसले आणि आपले अपयश न लपवता लिहून ठेवले. म्हणून तर आपण त्यातून शिकू शकतो. पण वर्गात मी त्यांच्याबरोबर मादाम गेरेंचेही नाव सांगते. तिच्याजवळ पद्धत नव्हती, अक्षरांचा फळा नव्हता. ती स्वयंपाक करताना, फिरायला नेताना, अंथरूण घालताना त्या मुलाशी बोलत राहिली, उत्तर येवो न येवो, आणि पाठ थांबल्यावरही तिने त्याला सोडले नाही. आपल्या गावांतून अंगणवाडी चालवणाऱ्या, नातवंडे सांभाळणाऱ्या कितीतरी बायका हेच काम करीत आहेत. त्यांच्यापर्यंत आपल्या पुस्तकांतले ज्ञान पोहोचवणे, हे शिकलेल्यांचे काम. मूल हाकेला ओ देत नाही अशी आपण तक्रार करतो. त्याने आजवर आपल्या परीने किती हाका मारल्या आणि आपण किती वेळा ओ दिली, हेही कधीतरी मोजून पाहावे.